छप्पर नसलेल्या चर्चमधली शिदोरी

नात मैत्रिणींबरोबर गडावर निघालीय. तिच्यासाठी चटणी कुटताना लसणाचा वास उठला आणि मी साठच्या दशकातल्या हॅनोव्हरमध्ये जाऊन पोचले.

हे तिथे पीएच.डी. करत होते. एका रविवारी घरमालकीणबाई आम्हाला शहर दाखवायला निघाल्या. दुपारी एका चर्चपाशी आलो. नुसत्या भिंती, वर आभाळ, फरशीत गवत. आम्हाला गडांची सवय. पडकी भिंत दिसली की सावलीत शिदोरी सोडायची. मी वर्तमानपत्र पसरून दशम्या, चटणी मांडली. ह्यांनी कौतुकाने विचारलं, "किती शतकांपूर्वी पडलं हे?"

बाई ताठ उभ्या राहिल्या. पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"युद्धात बॉम्ब पडून छप्पर गेलं तेव्हा मी तिशीची होते," त्या म्हणाल्या. "माझं लग्न इथेच झालं. तुम्ही बसलात तिथे."

मी घाईघाईने दशम्या गुंडाळू लागले. त्यांनी माझा हात धरला, शेजारी बसल्या आणि एक तुकडा मोडून सावकाश खाल्ला.

"आजी, गडावर बघण्यासारखं काय आहे गं?" नातीने डबा घेत विचारलं.

पडक्या भिंती, असं ओठावर आलं होतं.

"लोकांची घरं आहेत," मी म्हटलं.