एक घंटी थांब, दोन घंट्या चल

स्थिर जमिनीवरही ते पाय फाकवून उभे राहायचे, जणू जमीन आत्ता हलेल. जेवायला बसण्याआधी माणसं मोजायचे. घरात दोघंच असली तरी. कानावर पेन्सिल. चहाचा शेवटचा घोट कपात तसाच ठेवून उठायचे, कारण तीस वर्षांत गाडी सुटायच्या आत एकही चहा संपला नव्हता. दारात कुणी रेंगाळलं की तोंडातून निघायचंच, "पुढे सरका."

या सगळ्याची काकूंना सवय होती. निवृत्त झाल्यावर कंडक्टरकाकांनी घरामागच्या दोन एकरांत सात मेंढ्या आणि कुत्रीचं एक पिल्लू आणलं, त्याची मात्र नव्हती.

"अहो, आयुष्यभर माणसं हाकलीत. आता मेंढ्या?"

"मेंढ्या खिडकीसाठी भांडत नाहीत गं."

पिल्लाच्या कानाला खाच होती, पंच मारल्यासारखी. नाव पडलं तिकीट.

ज्या मेंढपाळाकडून पिल्लू आणलं, त्याने जाताना एकच गोष्ट बजावली. "आधी परत बोलवायला शिकवा. पाठवायचं मागाहून. कामावरून उठवता येत नाही ते कुत्रं कामाचं नाही."

काकांनी मान डोलावली आणि नेमकं उलटं केलं. त्यांच्या हाडीमाशी घंटी मुरलेली होती. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. निरोपाच्या दिवशी डेपोने दिलेली पितळी घंटा त्यांनी कपाटातून काढली. आधी शेजारच्यांची बदकं उसनी आणली, कारण मेंढ्या पिल्लाला भीक घालत नव्हत्या. गळ्यात लांब दोरी, रोज दहाच मिनिटं. तीन महिन्यांत दोरी सुटली. दोन घंट्या वाजल्या की तिकीट लांबून वळसा घालून मेंढ्यांच्या मागे जायची आणि त्यांना फाटकाशी आणायची. एक घंटी वाजली की पोट जमिनीला टेकवून पडायची. नजर मेंढ्यांवरच.

त्यांच्या गाडीचे जुने ड्रायव्हर मुद्दाम बघायला आले. "मास्तर, तीस वर्षं मला घंटीवर नाचवलंत, आता हिला. ही निदान उलट बोलत नाही." मग म्हणाले, "पण काम संपल्यावर हिला उठवणार कसं?"

काकांनी कानावरची पेन्सिल चाचपली. "डेपोत शिरल्यावर घंटी नसते रे. तू आपणहून इंजिन बंद करायचास."

"हिला कुठे चावी आहे!"

सगळे हसले. काकूसुद्धा. ते जमेपर्यंत रोज संध्याकाळी काकाच कुंपणात जायचे आणि तिकीटला उचलून घरात आणायचे.

त्या सकाळी काकू कपडे वाळत घालत होत्या. दोन घंट्या ऐकू आल्या. मेंढ्या फाटकाशी आल्याचंही कळलं. मग एक घंटी यायला हवी होती. आली नाही.

काका कुंपणात, पाण्याच्या टाकीपाशी आडवे पडले होते. काकू धावल्या. फाटक आत उघडायचं, आणि सातही मेंढ्या त्याला चिकटून उभ्या. मागे तिकीट. डावीकडे सरकत होती, उजवीकडे सरकत होती, एकीलाही हलू देत नव्हती. "सोड गं, तिकीट, सोड त्यांना!" तिने काकूंकडे एकदा पाहिलं आणि मेंढ्या आणखी घट्ट दाबल्या. शेवटी काकू वळसा घेऊन मागच्या तारांतून आत शिरल्या. हात रक्ताळले. काकांपाशी पोचल्या तेव्हा घंटा मातीत पालथी होती आणि बोलायला कुणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं आधी पोचला असतात तरी काही झालं नसतं. काकूंनी ऐकलं. पटलं नाही.

लेक आली. "आई, त्या कुत्रीला मी बघू शकत नाही."

"तिला सांगितलं तेच तिने केलं गं."

"तेच म्हणतेय मी!" लेक रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "रविवारी मी मेंढपाळाला तिला परत न्यायला बोलावलंय. तोवर एकदा, फक्त हाक मारून, तिला मेंढ्यांवरून उठवून दाखव. मग राहू दे तिला. उद्या तू एकटी कुंपणात पडलीस तर?"

चार दिवस होते. काकूंनी गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं, बिस्कीट दाखवून पाहिलं. तिकीट जागची हलली नाही. शनिवारी त्या काकांसारखे पाय फाकवून उभ्या राहिल्या आणि त्यांच्याच ढबीत म्हणाल्या, "चला, शेवटचा स्टॉप. उतरा सगळे."

तिकीट उठली. खाचेचा कान वर झाला. तिकीटने त्यांच्यापलीकडे, घराच्या दाराकडे बराच वेळ पाहिलं. तिथून कुणी आलं नाही. ती पुन्हा पोटावर पडली.

रविवारी मेंढपाळ आला. आपण काय बजावलं होतं, ते त्याने काढलं नाही. काकू स्वतः आत गेल्या आणि तिकीटला उचलून त्याच्या हातात दिलं. ती आता चांगलीच जड झाली होती. हे रोज कसे उचलत होते, कोण जाणे. त्याची गाडी वळेपर्यंत तिची नजर मेंढ्यांवरच होती.

संध्याकाळी कपाटात काकांची वही सापडली. त्यांचं पेन्सिलीतलं अक्षर, हलत्या गाडीत लिहिल्यासारखं. एक – थांब. दोन – चल. खाली तिसरी ओळ होती. परत ये – आणि पुढे चार-पाच खुणा लिहून खोडलेल्या. शेवटी एवढंच:

अजून जमत नाही. उद्या बघू.