पहिल्या पुडीतल्या बिया

माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लेकीला म्हणाल्या, "वरून बरा दिसतोय. तळाचं काय ते कळायला हवं." मी समोरच बसलो होतो. राग आला, पण बाईंचा धंदाच तो. बंदरात आलेल्या धान्यात पुरुषभर उंचीची पितळी नळी खुपसायची, वरचा, मधला आणि तळाचा दाणा काढायचा आणि माल कसा आहे ते लिहून द्यायचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. सगळं बंदर त्यांना नळीबाई म्हणायचं, आणि नळीबाईंनी एकदा लिहिलं की त्यावर कोणी ब्र काढत नसे.

मी त्याच बंदरात क्रेन चालवायचो, म्हणजे दोन महासत्तांचं बिनसेपर्यंत. एक देश सोयाबीन विकणारा, दुसरा घेणारा, आणि मध्ये आमचं बंदर. मोठ्या जहाजातला माल इथे छोट्या जहाजांत उतरायचा. मग त्यांनी एकमेकांवर जकाती लावल्या, राजदूत परत बोलावले, आणि आमच्या क्रेनवर कावळे बसायला लागले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्या तर पोटावरच पाय आला. चार वर्षं मी लोकांच्या दारात सामान पोचवणारी गाडी हाकली.

शेवटी समझोता झाला आणि पहिलं जहाज आलं. अटी मोठ्या नखरेल होत्या. दोघांपैकी कोणाचाही माणूस जहाजावर चढणार नाही, तपासणी आमची, म्हणजे सासूबाईंची. एका ठरावीक तणाचं एक जरी बी सापडलं तरी जहाज माघारी. नमुन्याच्या तीन सीलबंद पिशव्या करायच्या. एक विकणाऱ्यांना, एक घेणाऱ्यांना, आणि तिसरी वाद झालाच तर उघडायला सासूबाईंच्या कपाटात. प्रत्येक पिशवीत पाच पुड्या, जहाजाच्या पाच कप्प्यांच्या.

घेणाऱ्यांनी आपली पिशवी तपासली आणि तणाचं बी निघालं.

बंदराच्या कचेरीत वरच्या मजल्यावर दोन्हीकडचे अधिकारी जमले. एकाने खिडकी उघडली की दुसरा उठून लावायचा. एकमेकांशी अबोला, जे काही बोलायचं ते सासूबाईंकडे बघून. सगळ्यांसमोर तिसरी पिशवी उघडली. पहिल्या पुडीत पाच बिया. विकणाऱ्यांच्या अधिकाऱ्याने मान खाली घालून सही केली. जहाज सोमवारी परत जाणार होतं आणि दोन्ही देशांच्या मंत्र्यांची ठरलेली भेटही बारगळणार होती.

मी तोंड पाडून घरी आलो, तर सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून नळी खोलत बसलेल्या.

"पाचही कप्पे एकाच कोठारातून भरलेत," त्या म्हणाल्या. "मग बी पहिल्याच पुडीत का?"

नळी आतून खुळखुळायची म्हणून त्यांनी मध्यंतरी तिच्यात लोकरी कापडाची चकती बसवली होती. या युक्तीचं कौतुक आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की कान किटले होते. ती चकती त्यांनी सुईने उचकटली. मागून दोन बिया चादरीवर पडल्या. आदल्या आठवड्यात याच नळीने पशुखाद्याचं एक जहाज तपासलं होतं, त्यातल्या. नळी रोज धुतली जायची, पण चकतीमागे पाणी पोचतच नव्हतं. सोयाबीनमध्ये पहिल्यांदा नळी खुपसली तेव्हा अडकलेल्या बिया सुटल्या आणि पहिल्या पुडीत गेल्या. जहाज स्वच्छ होतं.

हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तिसऱ्या पिशवीनेही साक्ष दिल्यावर आता कोण विचारणार? सासूबाई गप्प राहिल्या असत्या तर तीन महिन्यांनी मानाने निवृत्त झाल्या असत्या. बोलल्या तर तपासणीचा परवाना जाणार. आणि त्या बोलल्या तरच मला माझी क्रेन मिळणार. मी तोंडाला कुलूप लावून बसलो. त्यांनीही मला एका शब्दाने विचारलं नाही. बिया कागदात बांधल्या, चपला घातल्या आणि निघाल्या. मी मागोमाग.

"चूक मालाची नाही, माझ्या नळीची आहे. म्हणजे माझीच," त्यांनी दोघा अधिकाऱ्यांना सांगितलं.

घेणाऱ्यांचा अधिकारी हसला. "समोरच्यांनी किती दिले?"

माझं डोकंच फिरलं. मी पुढे झालो, तर सासूबाईंनी हाताने मला मागे सारलं.

"संशय बरोबर आहे तुमचा. मीही घेतला असता," त्या म्हणाल्या. "म्हणून आता नमुना मी काढणार नाही. नवी नळी आणा. एकाने काढा, दुसऱ्याने डोळ्यांत तेल घालून बघा. मी फाटकाबाहेर बसते."

"पण आमचा माणूस जहाजावर चढू नये अशी अट आहे," विकणाऱ्यांचा अधिकारी म्हणाला.

"मग अट सांभाळा आणि जहाज परत न्या. मर्जी तुमची."

रात्रभर फोनाफोनी झाली असावी. दुसऱ्या दिवशी ते दोघं खरंच जहाजावर चढले. नळी खुपसायला दंडात जोर लागतो, कचेरीतल्या माणसांना कुठला असायला? दुसऱ्या कप्प्याला पोचेपर्यंत एकाने नळी धरली होती आणि दुसरा तिच्यावर लोंबकळत होता. धक्क्यावरून पाहताना मला हसू आवरेना. सासूबाईंनी मात्र यातलं काही पाहिलं नाही. सकाळीच बंदराच्या साहेबांच्या टेबलावर परवाना ठेवून त्या फाटकाबाहेर स्टुलावर उन्हात बसल्या होत्या.

एकही बी निघालं नाही. घेणाऱ्यांचा अधिकारी स्वतः फाटकापर्यंत आला, कालच्या बोलण्याची माफी मागितली आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात दुसरं जहाज येतंय. तुमचा परवाना आम्ही दोघं मिळून परत मागतो."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "नमुना बिघडला की परवाना जातो. याच नियमाने मी तिघांना घरी बसवलंय. आता मलाच सूट कशी घेऊ?"

तोंडावर मी त्यांचं कौतुक कधी केलं नाही, म्हणून इथे करतो. एवढी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही. लोकांना नियम सांगणारे पुष्कळ असतात, पण ही बाई त्याच नियमाने उठून घरी आली.

क्रेनवरचा माझा पहिला दिवस भरला त्या संध्याकाळी मला राहवेना. त्या भांडी पुसत होत्या. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी गप्प बसलो. तुम्ही खरं सांगावं असं वाटत होतं मला, पण ते माझ्या क्रेनसाठी."

"माहीत होतं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं, तर माझा परवाना जन्मभर तुमच्या मानेवर बसला असता."