निळं झाकण

अण्णांनी हयातीत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती मी स्वतःच्या हाताने साफ धुऊन टाकली.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी, हृदय अर्धं निकामी, जीभ मात्र ठणठणीत. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "मी गेल्यावर भिंतीवर तो आधार कार्डाचा फोटो लावू नकोस. त्यात मी पाकीटमार दिसतो."

"अण्णा, सकाळी सकाळी काय बोलताय?"

"मग दुपारी बोलू? एवढे फोटो काढत फिरतोस, माझा एक नीट काढ. तुझ्या आईच्या शेजारी लावायचाय. तिला ओळखू आलो पाहिजे."

एवढे फोटो म्हणजे काय, तर गेली चार वर्षं मी जुन्या कॅमेऱ्यात रोल घालून काळे-पांढरे फोटो काढतोय. आमचा तिघांचा कंपू आहे. मी, बिल्डिंगमधले शहाभाई आणि भाईंदरजवळच्या डोंगरी गावचा पास्कल. महिनाभर फोटो काढायचे (माझ्या बायकोच्या, सुजाताच्या मते मोडक्या होड्यांचे आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे) आणि शेवटच्या रविवारी सगळे रोल एकत्र धुवायचे. धुवायचे माझ्याकडेच, कारण इतकं अंधारं बाथरूम अख्ख्या भाईंदरात दुसरं नाही. बिल्डर खिडकी ठेवायलाच विसरलाय.

मोबाईलवर एक फोटो काढला असता तर विषय संपला असता. पण मी पडलो कलावंत! भर मे महिन्यात अण्णांना लग्नातला कोट चढवला, रिक्षाने डोंगरीला नेलं, पास्कलच्या ओट्यावर बसवलं आणि छत्तीस फोटो काढले. अण्णा घामाने निथळत होते, पण तक्रार नाही. परत येताना म्हणाले, "कधी मिळणार?"

"शेवटच्या रविवारी. आमचा नियम आहे, सगळे रोल एकदम."

"बरं. तोवर थांबतो मी."

आता चूक कशी झाली ते सांगतो, म्हणजे शिव्या नेमक्या घालता येतील. रोल धुवायला दोन औषधं लागतात. आधी डेव्हलपर, त्याने चित्र उमटतं. मग फिक्सर, त्याने ते पक्कं होतं. उलट केलं तर फिक्सर सगळं पुसून टाकतो, कायमचं. दोन्ही दिसायला पाणी आणि दोन्ही आमच्याकडे कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत. चिठ्ठ्या ओल्या होऊन गळतात म्हणून आम्ही झाकणावरून ओळखायचो. निळं म्हणजे डेव्हलपर, लाल म्हणजे फिक्सर. अण्णांचा रोल म्हणून शनिवारी मी दोन्ही झाकणं काढून साबणाने घासली. (इतकं मन लावून मी दाढीही करत नाही.) आणि वाळल्यावर परत लावली.

रविवारी अंधारात रोल उजेडबंद डब्यात भरला, डबा बंद केला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर आणून ठेवला. पहिला मान अण्णांच्या रोलचा. ते खुर्ची ओढून अगदी ओट्याशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सुजाता मोबाईल घेऊन उभी होती, नवऱ्याच्या कलेचा पुरावा म्हणून.

मी निळं झाकण उघडलं. पास्कलने नाक पुढे केलं.

"अरे, याला सिरक्याचा वास हाय. फिक्सर तर न्हाय ना?"

"निळं झाकण आहे," मी म्हटलं.

"झाकणाचं काय घेऊन बसलास? वास घे ना. आमच्या घरी रोज सिरका असतोय."

मी ते झाकण चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर नाचवलं. "पास्कल, आपण फोटो धुतोय. विंदालू करत नाहीये."

अण्णा हसले. असे हसले की खोकला येईल म्हणून सुजाता घाबरली. कित्येक महिन्यांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हशाच्या जोरावर मी बाटली डब्यात ओतली.

अर्ध्या तासाने डबा उघडला. रोल काचेसारखा स्वच्छ होता.

"कॅमेराच खराब," मी म्हटलं.

"हां, शटर गेला असेल," शहाभाई म्हणाले. भला माणूस.

पास्कलने पट्टी उजेडात धरली. "कंपनीचे नंबर पण न्हाय आले कडेला, ते तर कॅमेऱ्याबिगर उमटतात. कॅमेऱ्याचा दोष न्हाय हा."

अण्णांनी पट्टी मागितली, डोळ्यांसमोर धरली. "यातून पलीकडचा तवा दिसतोय. मी कुठाय?"

"अण्णा, माझं चुकलं. झाकणं मी उलटी लावली."

माझा चेहरा बघून त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे रे. पुढच्या रविवारी काढू."

पुढच्या रविवारपर्यंत ते थांबले नाहीत. गुरुवारी दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

तेराव्याच्या आत भिंतीवर फोटो हवा होता. मी मुकाट्याने आधार कार्ड काढलं. सुजाताने ते माझ्या हातातून घेतलं आणि मोबाईल पुढे केला. त्या रविवारचा फोटो. अण्णा मान मागे टाकून हसतायत, डोळे बारीक झालेत. आईने लांबूनही ओळखलं असतं. फक्त डावीकडून एक हात आत घुसलाय, चिमटीत निळं झाकण धरून.

स्टुडिओवाला म्हणाला, "ये हाथ काट दूँ, साहब?"

"काटो," मी म्हटलं. "असलीवाला भी."

पण हात कापला की अण्णांचा खांदा जात होता. तेव्हा हात राहिला. रंगीत फोटो, चंदनाचा हार, शेजारी आई. हाराची एक बाजू बरोबर त्या हातावर येते. भेटायला येणारे नमस्कार करतात आणि हमखास म्हणतात, "काय सुंदर फोटो आहे हो. तुम्हीच काढलात ना?"

मी सांगतो, "नाही, सुजाताने. मी तो डावीकडचा, हाराखालचा."