पट्ट्याखालची जागा

ओल्या लोकरीचा उग्र, किंचित दुधाळ वास आठवला की शेजारच्या शेतात बसलेला मेंढ्यांचा कळप दिसू लागतो. रानाला खत मिळावे म्हणून तो दर हिवाळ्यात तिथे मुक्कामाला येई. राखणीला वासराएवढा काळा कुत्रा असे. लांडग्याने नरडे धरू नये म्हणून त्याच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा. पहिल्याच वर्षी मी त्याला गोंजारायला गेले, तेव्हा कळपाची मालकीण हिराबाई ओरडली होती, "हात नका लावू, ताई! माणसाचा लळा लागला की मेंढरं सोडतंय कुत्रं." डोळे उघडण्याआधीच तिने त्याला कोकरांत निजवले होते, मेंढीचे दूध पाजले होते.

एका वर्षी त्याचा मागचा पाय चालेना. "आता वाट झेपायची नाही त्याला. तुमच्या अंगणात पडून राहू द्या," म्हणत हिराबाईने पट्टा सोडवला आणि घोड्यावर बिऱ्हाड लादले. कळप हलला. तो उठू लागला, थरथरला, पुन्हा बसला.

माया आवरून धरणे हीच त्याच्यावरची माया होती का? आणि आता माझा स्पर्श त्याला आधार वाटेल, की परक्याची आगळीक? पट्ट्याने केस झिजलेल्या त्या उघड्या मानेवर माझा हात अधांतरीच थांबला. बांधावरून हिराबाईने मागे वळून पाहिले. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली,

"लावा."