मोडलेले रोजे

रहमानचाचा आमच्या घरी सोमवारी आणि गुरुवारी, बरोबर अकराला, म्हणजे नेमके जेवणाच्या वेळेला उगवत. लाखनीच्या हायवेवर आमच्या घराला लागूनच त्यांचं शिलाईचं दुकान. उंबरठ्यात उजवा पाय आधी टाकायचा, समोरच्याच्या आधी आपण सलाम करायचा, पाणी बसून तीन घोटांत प्यायचं, असे त्यांचे नेम. "हे केलं तं सवाब, नाही केलं तं गुनाह नाही. असे कामं मले लय आवडते," म्हणायचे. सवाब म्हणजे पुण्य. सक्ती नसलेल्या या पुण्यकर्मांत आमच्याकडचं जेवणही त्यांनी बसवलं असावं, असं मी बायकोला म्हणे.

आई गेल्यापासून बाबांची अन्नावरची वासनाच उडाली होती. जन्मभर मास्तरकी केलेला, पोरांना डबा संपवायला लावणारा माणूस स्वतःच्या ताटाकडे पाठ करून बसे. आम्ही विनवून थकलो. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. चाचा आले की मात्र म्हणत, "मास्तर, मले भूक लागून राहिली. एकट्यानं जेवाले लाज वाटते." पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून बाबा पानावर बसत. बाबा जेवत याचं मला बरं वाटे. पण चाचा दोनदा भात मागून घेत, तेही डोळ्यांत खुपे. मंगळवारी चहा विचारला तर "पोट बरं नाही" म्हणत. काल एवढं चापल्यावर बरं राहील कसं, असं मी मनात म्हणे.

गेल्या महिन्यात चाचा झोपेतच गेले. भेटायला गेलो तेव्हा चाची म्हणाल्या, "सोमवार-गुरुवार त्याईचा रोजा राहे. नफिल, आपल्या खुशीचा. कोणाचं मन राखाले तो दुपारच्या आधी मोडता येते. मंग बदल्यात दुसऱ्या दिवशी ठेवा लागे. मी म्हणो, मोडाचाच हाय तं ठेवता काहून? तं म्हणत, एखाद दिवस मास्तर आपल्या मनानं जेवलेले दिसले, तं माहा रोजा पुरा होईल."

मला माझीच लाज वाटली. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

पुढच्या सोमवारी अकराला त्यांनी स्वतःच पाट मांडला आणि सुनेला हाक मारली.

"वाढ बाई," म्हणाले, "आज तरी त्याचा रोजा पुरा होऊ दे."