पोकळीकाकूंचे हात

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पोकळीकाकू म्हणत. पोलादी टाकी आतून धुवायची, स्पिरिटने पुसायची, तापवायची आणि तिच्यातली हवा पंपाने उपसत राहायची, हे त्यांचं काम. मग शास्त्रज्ञ दोन बाजूंनी प्रचंड ताकदीचे लेसर सोडणार आणि प्रकाश प्रकाशाला धडकतो का ते बघणार. एवढ्या प्रकाशाने म्हणे रिकामी जागासुद्धा हलते. पण आत कशाचा मागमूस राहिला, की प्रकाश त्यालाच धडकणार आणि सगळं मुसळ केरात! काकूंचा दराराच असा, की टाकीपाशी मोठे साहेबही हात मागे बांधून उभे राहत.

आणि यंदा टाकीत तेल निघालं. उरलेल्या वायूंचा माग काढणाऱ्या यंत्राने ते दाखवलं. पंप तर बिनतेलाचे! काकूंनी हातमोज्याच्या वर उघडं राहिलेलं मनगट हुंगलं, तर सकाळच्या तेलाचा वास. घरी त्यांचा नवरा, काका, जन्मभर बस चालवून गुडघ्यांतून गेलेले. रोज सकाळी काकूंनी तेल चोळल्याशिवाय त्यांचा पाय खाली टेकत नसे.

"चूक माझी आहे," काकू सरळ म्हणाल्या. कुणी रागावलं नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

टाकी पुन्हा धुतली. तेल कातडीत मुरतं, कपड्यांना लागतं, म्हणून प्रयोग होईपर्यंत काकूंनी बाटलीला हात लावला नाही. घरी मात्र कारण सांगितलं नाही. "आज जरा घाई आहे हो," हे रोजचंच झालं. काका "असू दे" म्हणायचे आणि भिंत धरधरून मोरीकडे जायचे. बायको आपल्याला कंटाळली, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. काकूंचा जीव तुटायचा.

प्रयोग पार पडला. टाकी निर्मळ निघाली. प्रकाश प्रकाशाला धडकला की नाही, हे कळायला अजून कितीतरी महिने लागणार होते. टाळ्या थांबायच्या आत काकू घरी निघाल्या.

बाटली घेऊन त्या पलंगाशी बसल्या, तर काकांनी पाय पांघरुणात ओढून घेतले.

"राहू दे गं. सवय झालीय आता."

मग काकूंनी सगळं सांगून टाकलं.

"एवढंच होतं, तर आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते, तर माझ्या नोकरीपायी तुम्ही जन्मात पुन्हा चोळू दिलं नसतंत."

"नसतंच दिलं." काका बाटलीकडे बघत म्हणाले, "आणि परत टाकीचं काम निघालं की?"

"परत बंद. पण सांगून."

काकांनी पांघरूण बाजूला सारलं आणि दोन्ही पाय काकूंच्या मांडीवर ठेवले.