भूकंपाची लेक

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांच्याशीही मी यावर बोललेले नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

माझ्याबद्दल कुठं वाचलं असेल, तर एवढं ठाऊक असेल : भूकंपात सापडलेली तान्ही पोर, मोठी होऊन सिनेमे करते. त्यातलं बरंचसं खरं आहे. मी दत्तक आहे. लातूरला वाढले. बाबांचं कापडाचं दुकान होतं, आई क्लासच्या मुलींसाठी मेस चालवायची. माझा जन्मही भूकंपाच्याच वर्षीचा. पण भूकंप —

नववीत होते तेव्हा आईनं पोळ्या लाटता लाटता सांगितलं. देगलूरकडची एक पोरगी होती, लग्न न झालेली. तिनं स्वतःच्या हातानं मला आईच्या मांडीवर ठेवलं होतं. हे ऐकून मला बरं वाटेल, असं आईला वाटलं. मला काय ऐकू आलं? ती जिवंत होती, आणि तरी तिनं मला दिलं.

वर्गात माझ्या शेजारी भूकंपातल्या गावाची एक मुलगी बसायची. तिची आई ढिगाऱ्याखाली गेलेली. तिला सगळे जपायचे. तुझ्या आईनं तुला का सोडलं, असं तिला कुणी कधी विचारणार नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा. आई गेलेल्या मुलीचा हेवा — ऐकलंय कधी?

मेडिकलच्या परीक्षेत दोनदा आपटले. मेसमधल्या मुली डॉक्टर व्हायला निघून गेल्या, मी सिनेमा शिकायचं ठरवलं. प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं, सिनेमाच का? मग मीच मला बोलताना ऐकलं — मी ढिगाऱ्यातून निघालेय, न पाहिलेल्या आईचा चेहरा शोधतेय. समोरच्यांनी हातातली पेनं खाली ठेवली. माझं कुणी इतकं मन लावून ऐकत होतं, ते पहिल्यांदाच. तिथंच थांबता आलं असतं. नाही का?

शेवटच्या वर्षी फिल्म करायची होती. मी हाच विषय घेतला, आणि आईला कॅमेऱ्यासमोर दोनच वाक्यं बोलायला सांगितली — ही आम्हाला भूकंपानंतर छावणीत मिळाली, हिचं कुणी उरलं नव्हतं. आई नको म्हणाली. ज्यांची लेकरं खरंच गेली, त्यांना काय वाटेल, म्हणाली. तेव्हा मी म्हटलं —

"सख्खी असते तर केलं असतंस."

आईनं पदराला हात पुसले आणि खुर्चीवर येऊन बसली. पहिल्याच टेकला नीट बोलली.

फिल्म लातूरला दाखवली, पेपरात फोटो आला. पुढच्याच आठवड्यात मेसच्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. महादप्पा नाव, किल्लारीकडचे. भूकंपात त्यांची बायको गेली होती. तान्ही मुलगी मात्र सापडलीच नव्हती — ना जिवंत, ना मेलेली. हातात पेपरची घडी होती, पण ती त्यांनी उघडली नाही. माझ्याकडंच बघत राहिले.

मी काय केलं असेल? काका, चूक झाली, म्हणाले असते तर पाच मिनिटांत संपलं असतं. मी आत गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

त्यांना ओट्यावर उजेडात बसवलं. ते चाचरत म्हणाले, "माय, माझ्या पोरीच्या पाठीवर लाल डाग व्हता. तुला हाय का?"

माझ्या पाठीवर काहीही नाही. मी कॅमेऱ्यामागून म्हटलं, "असेल काका. मला माझी पाठ कुठं दिसते?"

ते हसले. रडतही होते. असा चेहरा मला पुन्हा कधी मिळालेला नाही. फिल्मचा शेवट मी बदलला, तो शॉट घातला, आणि फिल्म देशभर फिरली. बक्षिसं मिळाली ती त्या शेवटामुळं. पुढची कामंही त्यामुळंच.

महादप्पा फोन करायचे. पंचमीला बांगड्या घेऊन आले. मी घरात असून नाही म्हणून सांगायला लावलं. नंतर नंबर बदलला.

शेवटी आई गेली त्यांच्या गावाला, एकटी, एसटीनं. खरं सांगून आली. आल्यावर भाजी निवडायला बसली. मग खाली मान घालूनच म्हणाली,

"ते रागावले न्हाईत. एवढंच म्हणले, मला त्या पडद्यावरून काढा म्हणावं पोरीला."

मी बरं म्हटलं.

तेवढा भाग कापायला एक दुपार पुरली असती. पण त्याशिवाय ती फिल्म काहीच नव्हती, आणि त्या फिल्मशिवाय मी. आईनं पुन्हा विचारलं नाही. माझी एकही फिल्म तिनं त्यानंतर पाहिलेली नाही.

गेल्या महिन्यात नांदेडच्या एका कॉलेजात तीच फिल्म दाखवली. भूकंपाची लेक, अशी माझी ओळख करून दिली. मी उठून हात जोडले. मग अंधार झाला, आणि शेवटी महादप्पा आले — ओट्यावर, उजेडात, अजून विचारत होते.